दहावीनंतरचे व्यवसाय शिक्षण : निवड कोणाची?

दहावीचा निकाल लागला की आपल्या शाळेच्या कार्यालयासमोरील कडुनिंबाखाली दरवर्षी तेच दृश्य दिसते. गुणपत्रिका हातात धरून उभी असलेली मुले, त्यांच्या शेजारी उन्हातान्हातून आलेले आई-वडील आणि टेबलाच्या अलीकडे आम्ही शिक्षक. ज्यांना ८० टक्क्यांच्या वर गुण आहेत त्यांच्याशी आमचे बोलणे पाच मिनिटांत आटोपते. ‘विज्ञान शाखा घ्या’, एवढे सांगितले की झाले. ज्यांचे गुण ५० च्या आगेमागे आहेत त्यांनाही आम्ही फार वेळ देत नाही. ‘आयटीआय करा किंवा अकरावीला व्यवसाय अभ्यासक्रम घ्या, लवकर हाताला काम लागेल’, असे सांगून पुढच्या पालकांना बोलावतो. गेली पंचवीस वर्षे आम्ही हेच करीत आलो. शाळेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत कर्तबगार माजी विद्यार्थ्यांची यादी छापली जाईल आणि ती छापली जावी, हे योग्यच आहे. तथापि कडुनिंबाखालच्या त्या पाच मिनिटांचा हिशेबही याच निमित्ताने मांडला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी नगरपालिकेत सफाईचे काम करणारे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले होते. मुलाला ५४ टक्के गुण होते. आम्ही सवयीप्रमाणे आयटीआयचे नाव घेतले. गृहस्थ क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, “गुरुजी, माझ्या आज्यानं गावकी केली, बापानं मेलेली ढोरं ओढली, मी झाडू मारतो. पोराला तुमच्याकडं पुस्तकासाठी ठेवलं. तुम्ही बी त्याच्या हातात पाना-पक्कडच देणार का?”

आमच्याजवळ उत्तर तयार होते. श्रमाला प्रतिष्ठा असते, कोणतेही काम हलके नसते, इत्यादी. पण ते वाक्य ओठांवर येऊनही आम्हांस उच्चारता आले नाही. कारण त्याच सकाळी ८६ टक्के मिळविलेल्या मुलाच्या वडिलांना आम्ही श्रमाची प्रतिष्ठा सांगितली नव्हती. श्रमाची प्रतिष्ठा फक्त ५४ टक्केवाल्यांनाच सांगायची असेल, तर ती प्रतिष्ठा नव्हे, समजूत काढणे होय. आम्ही गप्प बसलो. मुलाने वडिलांच्या इच्छेप्रमाणे कला शाखेत अकरावीला प्रवेश घेतला. त्याचे पुढे काय झाले ते या लेखाच्या शेवटी सांगू.

दहावीनंतरची दोन वर्षे विद्यार्थ्याने व्यवसाय शिक्षणात घालवावीत की नाही, हा प्रश्न इतरांच्या घरी केवळ आवडीचा आणि उत्पन्नाचा असेल. आपल्या घरी तो इतिहासाचाही आहे. म्हणून प्रथम इतिहासाकडे वळतो.

आपल्या पूर्वजांजवळ व्यवसाय नव्हता असे नाही. व्यवसाय होता, पण तो जन्माबरोबर अंगावर पडत असे आणि मरेपर्यंत सुटत नसे. गावकीची कामे करणाऱ्यांना त्याबद्दल वतन मिळे. हे वतन म्हणजे जमिनीच्या तुटपुंज्या तुकड्याच्या आणि बलुत्याच्या मोबदल्यात रात्रंदिवस राबवून घेण्याचा परवाना होता. इंग्रजी राजवटीने १८७४ च्या वतन कायद्याने या व्यवस्थेला कायद्याचे रूप दिले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात महार वतने रद्द करण्याचे पाऊल उचलले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. वंशपरंपरागत सेवेतून सुटका हा त्या विधेयकाचा गाभा होता. १९३६ सालच्या ‘जातिनिर्मूलन’ या ग्रंथात त्यांनी या प्रश्नाचे तात्त्विक विवेचन केले. जातिव्यवस्था ही श्रमविभागणी आहे असे म्हणणाऱ्यांना त्यांनी दाखवून दिले की, ती श्रम करणाऱ्या माणसांचीच विभागणी आहे, आणि ती माणसाचा कल किंवा पात्रता पाहून होत नाही, आई-बाप पाहून होते.

त्याच काळात मुंबईच्या कापड गिरण्यांत याच विभागणीचे आधुनिक रूप दिसत होते. विणकाम खात्यात मजुरी अधिक होती. परंतु धोट्यात नवी कांडी भरताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि अस्पृश्याच्या तोंडचा धोटा इतर कामगारांना चालत नसे. म्हणून आपल्या माणसांना त्या खात्यात प्रवेश नव्हता. कमी मजुरीच्या सूतकताई खात्यांतच त्यांना काम मिळे. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. यंत्र आले म्हणून जात गेली नाही. कोणत्या यंत्राजवळ कोणी उभे राहावयाचे, हेही जातच ठरवीत होती.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, बाबासाहेबांना हातांचे शिक्षण नको होते आणि आपल्या मुलांनी केवळ पदव्याच घ्याव्यात असे त्यांना वाटत होते. हा निष्कर्ष चुकीचा आहे. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाल्यावर त्याच वर्षी त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन सरकारला सादर केले. त्यात विज्ञान व तंत्रशास्त्र यांच्या उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या आणि परदेशी शिक्षणासाठी मदत यांची मागणी होती. त्याच निवेदनात सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना उमेदवार म्हणून घ्यावे, हीही मागणी होती. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना १९४४ पासून सुरू झाली, तीही याच काळातली. ज्यांनी स्वतः कोलंबिया आणि लंडन येथे विद्या संपादन केली, त्यांनी प्रयोगशाळा आणि कारखाना या दोहोंची दारे एकाच कागदावर मागितली. त्यांत एक दार हुशारांसाठी आणि दुसरे उरलेल्यांसाठी, अशी वाटणी नव्हती.

त्यांच्याही पूर्वी महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमात वाचन, लेखन व हिशेब यांच्याबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे असे सुचविले होते. सातारच्या वसतिगृहात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा व शिका’ ही पद्धत रुजविली. आपल्या परंपरेत पुस्तक आणि काम यांचे वैर नाही. वैर आहे ते जन्मावरून काम ठरविण्याशी.

हे वैर काल्पनिक नाही, हे दाखविणारा एक प्रसंग स्वातंत्र्योत्तर भारतातच घडला. १९५३ साली मद्रास राज्याचे मुख्यमंत्री चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शाळेची वेळ कमी करून उरलेल्या वेळेत मुलांनी आपल्या कुटुंबाचा धंदा शिकावा, अशी योजना आणली. कागदावर ती श्रमप्रतिष्ठेची योजना होती. पेरियार रामसामी आणि त्यांच्या अनुयायांनी तिला ‘कुलधंद्याचे शिक्षण’ असे नाव देऊन राज्यभर विरोध केला. ज्याच्या घरी वकिली आहे त्याचा मुलगा उरलेल्या वेळेत काय शिकेल आणि ज्याच्या घरी चामड्याचे काम आहे त्याचा मुलगा काय शिकेल, हे सांगावयास पंडिताची गरज नव्हती. १९५४ साली राजगोपालाचारी पायउतार झाले आणि कामराज यांनी ती योजना रद्द केली.

सातासमुद्रापलीकडे कृष्णवर्णीयांमध्येही हाच वाद झाला होता. गुलामगिरीत जन्मलेल्या बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ पासून टस्कीगी येथे विटा पाडणे, सुतारकाम, शेती यांचे शिक्षण देणारी संस्था उभारली. आधी हातांना कसब द्या, हक्क मागाहून येतील, असा त्यांचा मार्ग होता. डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांनी १९०३ सालच्या आपल्या ग्रंथात त्यावर टीका केली. उच्च शिक्षण आणि नागरी हक्क सोडून दिलेल्या समाजाचे कसबही दुसऱ्याच्याच कामी येते, असा त्यांचा आक्षेप होता. हा वाद अमेरिकेत पेटलेला असतानाच बाबासाहेब न्यूयॉर्कला शिकत होते आणि पुढे १९४६ साली त्यांनी डुबॉईस यांना पत्रही लिहिले होते. आमचे मत असे की, वॉशिंग्टन यांची कार्यशाळा आणि डुबॉईस यांचा आक्षेप, दोन्ही आपल्या उपयोगाचे आहेत. कार्यशाळा हवी, पण हक्काच्या बदल्यात नको.

आता आजच्या परिस्थितीकडे येऊ. कोठारी आयोगाने १९६४ ते १९६६ या काळात कार्यानुभवाची आणि उच्च माध्यमिक स्तरावरील व्यवसाय शिक्षणाची शिफारस केली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च माध्यमिक स्तरावरील १० टक्के विद्यार्थी १९९० पर्यंत आणि २५ टक्के विद्यार्थी १९९५ पर्यंत व्यवसाय शिक्षणाकडे वळविण्याचे उद्दिष्ट ठेवले. ते साधले नाही, म्हणून १९९२ साली त्याच टक्केवारीसाठी १९९५ आणि २००० या नव्या मुदती दिल्या. २०२० च्या धोरणाने २०२५ पर्यंत निदान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा अनुभव मिळावा असे म्हटले. त्याच धोरणात जर्मनीत ७५ टक्के आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के मनुष्यबळाला औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळालेले असते, तर आपल्याकडे १९ ते २४ या वयोगटात ते प्रमाण ५ टक्क्यांहूनही कमी आहे, अशी तुलना आहे. टक्केवारी वाढावी, यात वाद नाही. परंतु ही टक्केवारी कोणाच्या मुलांनी भरून निघणार, हे कोणत्याही धोरणाच्या तक्त्यात लिहिलेले नसते. ते कडुनिंबाखाली ठरते.

आणि तेथे आम्ही काय करतो? प्रामाणिकपणे सांगावयाचे तर आमचे ज्ञानच अपुरे होते. आयटीआय म्हणजे कमी गुणांची सोय, अशी आमची समजूत होती. वस्तुतः शासकीय आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन, फिटर यांसारख्या व्यवसायांना प्रवेश गुणवत्ता यादीनेच मिळतो आणि ५० टक्केवाल्याचा क्रमांक तेथे बहुधा लागत नाही. मग तो खासगी संस्थेकडे जातो आणि तेथील शुल्क भरताना आई गळ्यातले मोडते. अकरावी-बारावीच्या व्यवसाय अभ्यासक्रमात तांत्रिक, कृषी, वाणिज्य, पॅरामेडिकल, गृहशास्त्र आणि मत्स्य असे गट राहिले आहेत, पण जवळच्या महाविद्यालयात नेमका कोणता गट आहे आणि त्याची कार्यशाळा चालू स्थितीत आहे की कुलूपबंद, याची चौकशी आम्ही क्वचितच केली. हा अभ्यासक्रम घेतल्यास भौतिक, रसायन आणि गणित हे विषय सुटतात व बारावीनंतर अभियांत्रिकी पदवीची थेट वाट अवघड होते, हे आम्ही पालकांना प्रवेशाआधी सांगावयास हवे होते. तसेच आयटीआयचा दोन वर्षांचा व्यवसाय पूर्ण केल्यावर तंत्रनिकेतनाच्या पदविकेला थेट दुसऱ्या वर्षी प्रवेशाचा मार्ग आहे, भाषा विषयांची परीक्षा देऊन बारावीची समकक्षता मिळविता येते आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली विद्यावेतनासह कारखान्यात उमेदवारी करता येते, हेही सांगावयास हवे होते. ज्या दाराच्या मागे आणखी दारे आहेत ते दार आणि ज्याच्या मागे भिंत आहे ते दार, यांतला फरक ज्याने सांगितला नाही त्याने मार्गदर्शन केले असे म्हणता येणार नाही.

अज्ञान एक वेळ क्षम्य ठरेल. आमच्याकडून पूर्वग्रहाचाही दोष घडला. ऊसतोड कामगार कुटुंबातील एक मुलगी आमच्याकडे पाचवीपासून होती. वसतिगृहातील विजेचे बोर्ड तीच उघडून बसे आणि पाण्याच्या मोटारीचा फ्यूज गेला की पहारेकऱ्याच्या आधी तिला बोलावणे जाई. दहावीनंतर तिने इलेक्ट्रिशियनचा व्यवसाय घ्यावयाचा म्हटले. गुणही पुरेसे होते. आम्ही तिला शिवणकामाच्या अभ्यासक्रमाला पाठविले. खांबावर चढायचे काम, सगळे मुलगे, घरापासून लांब, अशी कारणे आम्ही दिली आणि ती सर्व काळजीपोटी दिली. आज ती गावात ब्लाउज शिवते. तिच्या कामात कमीपणा मुळीच नाही. पण मागील वर्षी ती भेटली तेव्हा म्हणाली, “सर, मशीन बिघडली की मीच दुरुस्त करते. साऱ्या गल्लीच्या मशीन माझ्याकडंच येतात. त्याचे पैसे मात्र कोणी देत नाही, बाई माणूस म्हणून.” जन्मावरून काम ठरविणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध आम्ही वर्गात तास घेत होतो आणि कार्यालयात बसून तेच करीत होतो. जातीच्या जागी फक्त लिंग आले होते.

ज्यांनी योग्य व्यवसाय निवडला आणि नीट शिकला त्यांचेही प्रश्न संपलेले नाहीत. वायरमनचे काम करणारा आपला एक माजी विद्यार्थी सांगतो की, गावात घराच्या वायरिंगचे काम त्यालाच मिळते, कारण त्याचे काम चोख असते. पण देवघरातला बल्ब लावावयाचा असला की त्या घरचा मुलगा त्याच्या हातून बल्ब घेतो आणि स्वतः आत जातो. दुसरा एक विद्यार्थी वेल्डिंग शिकून ठेकेदाराकडे लागला. लोखंडाची जात त्याला ठोक्यावरून कळते, पण पहिल्याच नोकरीत त्याने जो कागद न वाचता सही करून दिला त्यापायी त्याचा दोन महिन्यांचा पगार बुडाला. “सर, सांधा कसा जोडायचा ते शिकलो, कागद कसा वाचायचा ते शिकायचं राहिलं,” हे त्याचे शब्द आहेत. म्हणूनच व्यवसाय शिकणाऱ्या मुलाला भाषा, इतिहास आणि कायदा कशाला, असे विचारणाऱ्यांशी आमचे पटत नाही. किमान वेतन म्हणजे काय, भविष्य निर्वाह निधी कोणाच्या नावे जमा होतो, अपघात झाला तर जबाबदारी कोणाची, हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हातातील कसब दुसऱ्याच्या मालकीचे होते. डुबॉईस यांचा आक्षेप आपल्या वेल्डरला लागू पडतो तो असा.

आपली शाळा बौद्ध संस्थेची आहे. सकाळी त्रिशरण-पंचशील म्हणून आपली मुले वर्गात जातात. अष्टांगिक मार्गातील सम्यक आजीविका हे अंग आपण परीक्षेत पाठ करून घेतो, पण दहावीनंतरच्या निवडीशी त्याचा संबंध जोडत नाही. तथागतांनी शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये असे सांगितले. या यादीत कोणत्याही जातीचा म्हणून ठरलेला धंदा हलका मानलेला नाही. कामाची पारख त्याने दुसऱ्याचे काय होते यावरून होते, ते कोणाच्या घरी जन्मले यावरून नव्हे. शाक्यांचा न्हावी असलेला उपाली संघात आला आणि विनयाचा सर्वांत मोठा जाणकार ठरला. पूर्वी हातात वस्तरा होता म्हणून त्याला विनय शिकण्यापासून कोणी अडविले नाही. पावा नगरीतील चुंद लोहाराच्या घरचे भोजन हे तथागतांचे अखेरच्या भोजनांपैकी ठरले, तेव्हा त्याला कोणी दोष देऊ नये याची काळजी त्यांनी स्वतः घेतली. अशा परंपरेच्या शाळेत कसबाला शिक्षेचे स्थान असता कामा नये.

आता काही सूचना मांडतो. त्या मांडण्याचा आमचा अधिकार चुका केल्यामुळेच आला आहे.

पहिली सूचना अशी की, व्यवसाय शिक्षणाची माहिती नववीतच आणि सर्व विद्यार्थ्यांना द्यावी. वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलालाही आयटीआयची कार्यशाळा दाखवावी आणि शेवटच्या बाकावरच्या मुलालाही विज्ञान महाविद्यालयाची प्रयोगशाळा दाखवावी. ज्या दिवशी आपल्या शाळेतील एखादी ८५ टक्केवाली मुलगी समजून-उमजून तंत्रशिक्षण निवडील आणि ५५ टक्केवाला मुलगा समजून-उमजून इतिहास निवडील, त्या दिवशी श्रमप्रतिष्ठेवर बोलण्याचा अधिकार आम्हांस मिळेल.

दुसरी सूचना आपल्या कार्यानुभवाच्या तासाविषयी आहे. हा तास म्हणजे बहुधा पटांगण झाडणे होऊन बसला आहे. मुलांनी आपला परिसर आपण स्वच्छ ठेवावा, यात वावगे काहीच नाही. पण झाडणे हाच ज्यांच्या घरचा कार्यानुभव आहे त्यांना शाळेने त्याहून वेगळे काही दिले पाहिजे. पक्कड, मल्टिमीटर, मोजपट्टी, मातीपरीक्षणाचा संच, शिलाई यंत्र आणि संगणक ही साधने त्या तासाला मुलांच्या आणि मुलींच्या हाती सारखीच यावीत.

तिसरी सूचना सर्वांत महत्त्वाची आहे आणि ती माजी विद्यार्थ्यांसाठी आहे. आपली शाळा निवासी आहे, पण दहावीपर्यंतच. निकाल लागला की मुलाचा पलंग दुसऱ्याला दिला जातो. सोळा वर्षांचे ते मूल जून महिन्यात अचानक बेघर होते. त्याचे आई-वडील दिवाळीनंतर कारखान्याच्या फडावर जाणार असतात. गावातून आयटीआयला एसटीने दोन तास लागतात. समाजकल्याणच्या वसतिगृहाची यादी लागेपर्यंत संस्थेतील हजेरी सुरू झालेली असते. मग जेथे पथारी टाकावयास जागा मिळेल तेथेच मूल शिकते, किंवा शिकत नाही. अर्ध्याहून अधिक निवडी आवडीने होत नाहीत, अंथरुणाच्या जागेवरून होतात, असा आमचा अनुभव आहे. यास्तव दहावीनंतरची दोन वर्षे, मूल कोणत्याही शाखेत वा व्यवसायात असो, त्याला राहण्याची सोय संस्थेने करावी.

रौप्यमहोत्सवानिमित्त माजी विद्यार्थ्यांनी शाळेला भव्य कमान बांधून देण्याचे ठरविले आहे. कमानीला आमचा विरोध नाही. सांचीच्या तोरणांकडे पाहून कोणाचे मन भरून येत नाही? परंतु कमानीच्या खालून बाहेर पडणारे मूल पहिल्या रात्री कोठे झोपणार, हे आधी ठरावे. कमानीसाठी जमणाऱ्या निधीतून वसतिगृहाच्या मागील पडीक दोन खोल्या दुरुस्त होतील, हत्यारांच्या पेट्या घेता येतील आणि एसटीचे पास काढता येतील. कमान पुढच्या वर्षी बांधता येईल. यंदा दहावी झालेल्या मुलाचे वर्ष पुढच्या वर्षी परत येणार नाही. आमचे काही सहकारी यावर नाराज होतील, हे आम्ही जाणतो. त्यांनी आमचे म्हणणे सभेत खोडून काढावे, आम्ही ऐकून घेऊ.

पालकांना एवढेच सांगणे आहे की, मुलाला कोठे घालावे हे आम्हां शिक्षकांना जरूर विचारा, पण आमचे पहिले उत्तर अखेरचे मानू नका. या मार्गाने पुढे कोठपर्यंत जाता येते, मध्येच वाट बदलता येते का, उमेदवारी कोठे मिळते, संस्था शासकीय आहे की खासगी, शिष्यवृत्ती लागू आहे का, हे पाच प्रश्न आम्हांला उभे राहून विचारा. आणि सर्वांआधी मुलाला विचारा. बाबासाहेबांच्या त्रिसूत्रीतील पहिला शब्द ‘शिका’ हा आहे. काय शिकावे, हे मात्र यापुढे कोणी दुसऱ्याने ठरवून देऊ नये, मग तो दुसरा गावचा पाटील असो की शाळेचा गुरुजी.

सुरुवातीला ज्या मुलाची हकीकत सांगितली त्याच्याविषयी आता लिहितो. कला शाखेत त्याचे मन रमले नाही. बारावीच्या मध्यावर त्याने महाविद्यालय सोडले. आज तो मोटार रिवाइंडिंगच्या एका दुकानात मदतनीस आहे. तांब्याची तार गुंडाळण्यात त्याचा हात इतका बसला आहे की मालक अवघड मोटार त्याच्याच पुढे ठेवतो. पण त्याच्याजवळ प्रमाणपत्र नाही, म्हणून मजुरी मदतनिसाची. पाना-पक्कड शेवटी त्याच्या हाती आलीच, फक्त हक्काविना आली. वडिलांचा राग खोटा नव्हता आणि आमचा सल्लाही सर्वस्वी खोटा नव्हता. खोटे होते ते आमचे मौन. त्या दुपारी त्यांच्याजवळ बसून आम्ही दोन्ही वाटा नकाशासारख्या उलगडून दाखविल्या असत्या, आणि निर्णय त्या मुलावर सोपविला असता, तर त्याने काय निवडले असते हे आज सांगता येत नाही. पण जे निवडले असते ते त्याचे स्वतःचे असते.

ते गृहस्थ आता निवृत्त झाले आहेत. १४ ऑक्टोबरच्या कार्यक्रमाला ते न चुकता शाळेत येतात, मागच्या रांगेत बसतात आणि जाताना आम्हांस जयभीम करतात. त्या जयभीममध्ये तक्रार नसते, म्हणूनच तो आम्हांस जड जातो. त्यांचा नातू आता आपल्याच शाळेत सातवीत आहे. त्याच्या दहावीला अजून तीन वर्षे आहेत. मागच्या दोन खोल्यांना छप्पर घालावयास तेवढा अवधी पुरेसा आहे.